हळू आवाजातलं गीत

आमच्या देवळाचं दार उघडतं ते असं:
आधी खांदा, मग गुडघा, मग एक बारीकशी शिवी,
जी उंबऱ्याच्या अलीकडेच ठेवायची.
वेल्सच्या पावसात फुगलेलं लाकूड, आजोबांच्या काळची खोड.
तेव्हा नवखं कुणी आत आलंच
तर समजायचं, त्याला यायचंच होतं.

त्या रविवारी मी किल्ली घेऊन पोचले
(किल्ली मिरवायला फक्त, कुलूप कधीच गंजून गेलंय)
तर मागच्या बाकावर एक पोरगा.
बुटांना कोंबड्यांची पिसं चिकटलेली,
म्हणजे खाली खोऱ्यातल्या कारखान्यातली रात्रपाळी.
रविवारी डोंगरात बस नसते
हे त्याला कुणी सांगितलं नसावं,
किंवा सांगितलं असेल, आमच्या भाषेत.
झोपला होता असा
की जणू उंचावरून कुणी खाली टाकलंय
आणि अजून उचलायला आलेलं नाही.

मंडळी जमली. अकरा जण. पाऊस धरला तर बारा.
एलुनेडनं पाहिलं, तेग्वेननं पाहिलं.
या दोघींत एकोणीस वर्षं अबोला आहे,
देवळातला एकुलता एक हीटर
डावीकडे असावा की उजवीकडे, यावरून.
काही न बोलता दोघींनी तो उचलला
आणि मधल्या वाटेनं मागे नेला,
त्या ओल्या बुटांपाशी.
अबोला सुटला असं नाही.
पण हीटर दोन्ही बाजूंनी धरावा लागतो.

पाळक एम्लिन यांनी शास्त्रपाठ वाचला
दुखण्याईताच्या खोलीत बोलतात तसा.
प्रवचन योनावर होतं.
दुसऱ्या बाकापलीकडे एक शब्दही पोचला नाही.
इद्वल नंतर म्हणाला, आजवरचं सगळ्यात चांगलं.

मग गीत.
इथेच अडलं.
आमच्याकडे जमीन खडकाळ, मेंढ्या हट्टी, पोरं शहरात,
गर्व करावा असा एकच गळा उरलाय.
आम्ही गातो तेव्हा ओढ्यापलीकडची कुत्री उठून बसतात.
आणि इद्वलचा खर्ज!
ऐकू कमी येतं त्याला, त्यामुळे तो देवाला पोचेल
एवढं गातो, वर थोडं जास्तीचं.

ऑर्गनवरच्या पोरीनं एकच स्वर दाबून ठेवला.
हेयल्वेननं नवऱ्याच्या छातीवर तळहात ठेवला,
जसा बुजलेल्या घोड्यावर ठेवतात.
इद्वलनं मागे वळून पाहिलं.
त्याचे ओठ हलले, आणि आयुष्यात पहिल्यांदा
त्याचा आवाज बाकाखालीच राहिला.
आम्ही सगळे तसेच गायलो,
चारही कडवी, चारही सुरांत,
श्वासाहून जरा जड,
जसं रात्री परतताना आपण जिना चढतो
आणि कुरकुरणारी पायरी टाळतो.
इतक्या हळू गाताना मला शब्द ऐकू आले.
साठ वर्षं तेच गीत गातेय मी.

गाण्यानं तो उठला नाही.
गाणं थांबलं तेव्हा उठला.
दचकून, टोपी शोधत, सॉरी सॉरी म्हणत,
पुन्हा पुन्हा, कदाचित तेवढाच शब्द येत असेल.
कुणी त्याला प्रश्न विचारला नाही.
मी चहा ओतला. तेग्वेननं केक कापला, जाड.
इद्वल जीप काढायला गेला,
तिच्यात मागे एक आजारी मेंढी आहे हे न सांगता.

जाताना पोरानं बशीत एक पौंड ठेवला.
नको नको म्हणेपर्यंत
दार बाहेरून ओढलं गेलं होतं,
आणि ते आतून लवकर उघडत नाही.

तो पौंड अजून कपाटात आहे, साखरेच्या डब्यामागे.
मंडळीच्या बैठकीत दर महिन्याला विषय निघतो:
वहीत तो चहाखाली लिहायचा
की अर्पणाखाली.
एलुनेड म्हणते चहा. तेग्वेन म्हणते अर्पण.
म्हणतात मात्र एकमेकींकडे बघून.